साथीचे आकडे: डेस्कवर काय तपासायचं आणि मथळ्यात काय जाऊ द्यायचं नाही

रात्रपाळी (धागाकर्ता)

साथ सुरू झाली की रोज संध्याकाळी आरोग्य खात्याचं बुलेटिन येतं आणि तासाभरात त्याचा मथळा होतो. त्या तासाभरात बेरीज-वजाबाकी क्वचितच चुकते. आकडा नेमका कशाचा, हे विचारायचं राहून जातं आणि तिथेच घोळ होतो. 'आजचे नवे रुग्ण' म्हणजे आज आजारी पडलेली माणसं नव्हेत. ज्यांचा अहवाल आज यंत्रणेच्या हाती लागला ती माणसं. लागण, लक्षणं, नमुना, तपासणी, नोंद, बुलेटिन एवढ्या पायऱ्या चढून आकडा वर येतो आणि प्रत्येक पायरीवर एखाददुसरा दिवस मुक्काम करतो. शनिवार-रविवारी प्रयोगशाळा आणि नोंदणी कक्ष अर्ध्या माणसांवर चालतात, म्हणून रविवार-सोमवारी आकडा पडतो आणि मंगळवार-बुधवारी उसळतो. 'रुग्णसंख्येत घट, दिलासा' हा मथळा नेमका सोमवारी का येतो त्याचं उत्तर इतकं साधं आहे.

बातम्यांच्या डेस्कवर एक शीट ठेवावी. रकाने असे: बुलेटिनची तारीख व वेळ, कालचा एकूण, आजचा एकूण, दोहोंतला फरक, बुलेटिनने छापलेले 'नवे', झालेल्या चाचण्या, मृत्यूंचे हेच रकाने, आणि शेवटी शेरा. बुलेटिन आलं की आधी ओळ भरायची, मग कॉपीला हात लावायचा. समजा काल एकूण ४८,२१० होते, आज ४८,६५५ आहेत, फरक ४४५. पण बुलेटिन म्हणतं 'नवे ५१२'. मग ६७ जण गेले कुठे? दुबार नोंदी काढल्या असतील, पत्ता दुसऱ्या जिल्ह्याचा निघाला असेल किंवा जुना अहवाल रद्द झाला असेल. खात्याला फोन करून हे विचारल्याशिवाय पान सोडू नये. शेऱ्याच्या रकान्यात व्याख्येतले बदल तारखेसह लिहा. तीन महिन्यांनी आलेख काढताना तो रकानाच कामी येतो.

बाकीच्यांनी आपापल्या बाजूने भर घालावी. आलेखांवर मी मुद्दाम काही लिहीत नाही, ते इथे दुसरे लोक जास्त चांगलं सांगतील.

जैवसांख्यिक

व्याख्येच्या रकान्याला जोरदार अनुमोदन. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या हूबे प्रांताने एका दिवसात १४,८४० नवे रुग्ण जाहीर केले. जगभर 'स्फोट' म्हणून बातम्या झाल्या. त्यातले १३,३३२ जण प्रयोगशाळेच्या चाचणीविना, लक्षणं आणि छातीचं स्कॅन पाहून निदान केलेले होते. त्या दिवसापासून अशांनाही मोजायचं ठरलं होतं. साथ एका रात्रीत पसरली नव्हती, मोजायची चाळणी बदलली होती.

उलट दिशेनेही होतं. ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडने 'कोविड मृत्यू' म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून २८ दिवसांत झालेला मृत्यू, अशी मर्यादा घातली. त्याआधी ही मुदतच नव्हती. ब्रिटनचा एकूण आकडा एका दिवसात ५,३७७ ने खाली आला. आलेखात अशी जागा उभ्या तुटक रेषेने दाखवावी आणि रेषेच्या अलीकडच्या-पलीकडच्या आकड्यांची तुलना करू नये.

तिसरा प्रकार बॅकलॉगचा, म्हणजे उशिरा नोंदलेल्या जुन्या आकड्यांचा. जून २०२१ मध्ये बिहारने पडताळणीनंतर ३,९५१ जुने मृत्यू एकदम यादीत घातले. १० जूनच्या बुलेटिनमध्ये भारताचा आकडा ६,१४८ झाला आणि 'एका दिवसातले सर्वाधिक मृत्यू' असे मथळे लागले. बिहारचे जुने वजा केले तर उरतात २,१९७. पहिल्या परिच्छेदात हे दोन आकडे वेगळे दिले असते तर काम भागलं असतं. बऱ्याच ठिकाणी तो खुलासा शेवटच्या परिच्छेदात होता, आणि जागा कमी पडली की तोच आधी कापला जातो.

निमशहाणा

वाचक म्हणून विचारतो. सात दिवसांची सरासरी दिली की हे सगळं मिटत नाही का?

जैवसांख्यिक

आठवड्याची लाट मिटते, बॅकलॉग मिटत नाही. वरचंच उदाहरण घ्या. ३,९५१ भागिले ७ म्हणजे सुमारे ५६४. सरासरी सात दिवस रोज ५६४ ने फुगलेली राहील आणि आठव्या दिवशी तो ढीग सात दिवसांच्या खिडकीबाहेर गेला की धाडकन पडेल. मग 'मृत्यूंत मोठी घट' असा दुसरा खोटा मथळा. म्हणून बॅकलॉग आधी बाजूला काढायचा, मृत्यूच्या खऱ्या तारखा मिळत असतील तर त्या त्या दिवशी वाटायचा, आणि मग सरासरी.

शिवाय सात दिवसांची सरासरी ही मधल्या दिवसाची असते, म्हणजे वळणाची खबर ती तीन दिवस उशिरा देते. साथ दर आठवड्याला दुप्पट होत असेल तर हा उशीर बारीकसारीक नाही.

आणि माहिती आत येतानाच होणाऱ्या चुका वेगळ्याच. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यातून गळाले, कारण प्रयोगशाळांची माहिती एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात ओतली जात होती. त्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही, आणि एका रुग्णाला अनेक ओळी लागत होत्या. चूक सापडल्यावर ३ ऑक्टोबरला १२,८७२ आणि ४ ऑक्टोबरला २२,९६१ असे आकडे आले. आधीची शांतता आणि नंतरची उसळी, दोन्ही फाइलीने घडवलेल्या.

छेदस्थानी

माझा मुद्दा मृत्यूदराचा. साथीच्या बातम्यांत सगळ्यात बेफिकिरीने काढला जाणारा आकडा हाच. आजवरचे मृत्यू भागिले आजवरचे रुग्ण, गुणिले शंभर. अंश आणि छेद दोन्ही बरोबर असूनही उत्तर चुकतं, कारण दोघांची वेळ वेगळी.

हिशेब पाहा. रुग्णसंख्या दर आठवड्याला दुप्पट होते आहे आणि निदानापासून मृत्यूपर्यंत सरासरी दोन आठवडे जातात असं धरा. आजचे मृत्यू दोन आठवड्यांपूर्वीच्या रुग्णांमधले. तेव्हाची संख्या आजच्या एक चतुर्थांश होती. म्हणजे खरा दर ४ टक्के असेल तर भागाकार १ टक्का दाखवणार. पुढे साथ मंदावते, नवे रुग्ण थांबतात, मागचे मृत्यू येत राहतात आणि दर वर चढतो. त्या आठवड्यात 'विषाणू अधिक घातक' ही बातमी हमखास येते. विषाणूने काहीच केलेलं नसतं.

२००३ च्या सार्समध्ये नेमकं हेच झालं. सुरुवातीला ४ टक्क्यांच्या आसपास सांगितलं जात होतं. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज १४ ते १५ टक्क्यांवर नेला. शेवटचा हिशेब ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू, म्हणजे ९.६ टक्के. २०१४ च्या इबोलात साध्या भागाकाराने निम्म्याच्या आसपास दर निघत होता; ज्यांचा निकाल लागला होता, म्हणजे बरे झाले किंवा दगावले, एवढेच रुग्ण घेतले तेव्हा तो ७०.८ टक्के निघाला. बातमीत 'अजून उपचार सुरू' असलेले किती हे नसेल तर दर वाचण्यात अर्थ नाही.

आता उलटी ओढ. सौम्य आजाराची माणसं चाचणीला येतच नाहीत, त्यामुळे छेद लहान राहतो आणि दर फुगतो. या दोन चुका एकमेकींना कापतील अशी आशा ठेवू नका. कोणती किती मोठी हे प्रत्येक साथीत वेगळं.

रात्रपाळी

छेदस्थानी, तुमचं सगळं मान्य. पण पहिल्या आठवड्यात वाचकाचा पहिला प्रश्न 'हा किती घातक?' हाच असतो. दर छापू नका म्हटलं तर लोक फॉरवर्ड वाचून स्वतःच काढतील.

छेदस्थानी

छापूच नका असं नाही. पण छापताना तीन गोष्टी सोबत हव्यात. एक, 'निदान झालेल्या रुग्णांपैकी' हे शब्द. 'लागण झालेल्यांपैकी' हा वेगळा आकडा आहे, तो सुरुवातीला कुणाकडेच नसतो; रक्तातल्या प्रतिपिंडांच्या सर्वेक्षणांनंतर येतो. दोन, किती जणांचा निकाल बाकी आहे. तीन, वयोगट. वयाविना दिलेला दर दोन देशांत तुलना करायला तर मुळीच वापरू नये. २०२० च्या सुरुवातीला इटलीचा एकूण दर चीनपेक्षा जास्त दिसत होता, पण वयोगट पाडले तर प्रत्येक गटात इटलीचा कमी होता. इटलीत निदान झालेल्यांत म्हातारी माणसं जास्त होती, एवढाच फरक.

वाक्य असं लिहिता येतं: 'निदान झालेल्या १,२०० जणांपैकी ३६ दगावले, ७०० बरे झाले, ४६४ जणांवर उपचार सुरू आहेत.' टक्केवारी नाही, दशांश चिन्ह नाही. जागाही तेवढीच लागते.

आलेखवाला

ग्राफिकच्या बाजूने.

एकूण रुग्णांचा चढता आलेख रोज छापणं आधी बंद करा. एखादी दुरुस्ती सोडली तर एकूण कधी खाली येतच नाही, त्यामुळे त्यात रोज 'विक्रम' असतो. नवे रुग्ण स्तंभांत, वर सात दिवसांच्या सरासरीची रेघ, आणि शक्य असेल तर खाली त्याच तारखांवर चाचण्यांची पट्टी.

मृत्यूंचे आलेख दोन प्रकारचे असतात: नोंदीच्या तारखेचे आणि मृत्यूच्या तारखेचे. दुसरा जास्त खरा, पण त्याचं उजवं टोक नेहमी खाली झुकलेलं दिसतं, कारण अलीकडच्या दिवसांचे दाखले अजून आलेले नसतात. ते शेवटचे दिवस राखाडी करा आणि 'अपूर्ण' असं स्तंभांवरच लिहा. तळटीप कुणी वाचत नाही. किती दिवस राखाडी करायचे ते अंदाजाने ठरवू नका. रोजच्या फाइलची प्रत जपून ठेवा आणि एखाद्या तारखेचा आकडा एक दिवसाने किती होता, तीन दिवसांनी किती, दहा दिवसांनी किती हे पाहा. तिसऱ्या दिवसापर्यंत साधारण ६० टक्केच नोंदी येत असतील आणि आता ३० मृत्यू दिसत असतील, तर अखेरीस ५० च्या आसपास होतील. मथळ्यात हा ५० घालू नये, पण 'घट' म्हणण्यापासून तो नक्की वाचवतो.

नकाशात संख्या रंगवू नका, दर लाख लोकसंख्येमागचं प्रमाण रंगवा. नाहीतर तो नुसता लोकसंख्येचा नकाशा होतो. आणि आडव्या अक्षावर तारखा क्रमाने आहेत ना, हे बघा. हसू नका. मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या आरोग्य विभागाने एक स्तंभालेख टाकला होता, त्यात तारखा उतरत्या रुग्णसंख्येनुसार लावलेल्या होत्या. दिसायला सुंदर उतार. सॉफ्टवेअरमध्ये 'मोठ्याकडून लहानाकडे' हे एक बटण चुकून दाबलेलं राहिलं की पुरतं.

लॉग स्केलबद्दल (उभ्या अक्षावर सारख्या अंतराने दहापट होत जाणारे आकडे) इथे वाद होईल, पण माझं मत: वाढीचा वेग तुलनेला लॉग, इस्पितळांवरचा भार दाखवायला साधा. दैनिकाच्या पानावर लॉग टाकायचाच तर शेजारी दुप्पट व्हायला लागणारे दिवस शब्दांत द्या. ७० ला रोजच्या टक्केवाढीने भागलं की झालं. रोज ७ टक्के वाढ असेल तर सुमारे १० दिवस.

जैवसांख्यिक

लॉगवर असहमत. तोंडावर आलेली वाढ सरळ, शांत रेघ होऊन दिसते आणि वाचक अक्षावरचे १००, १,०००, १०,००० वाचत बसत नाही. तुमचं 'दुप्पट व्हायला किती दिवस' हे वाक्य एकटंच पुरेसं आहे, आलेख साधाच ठेवा. बाकी सगळ्याला +१.

निमशहाणा

'इस्पितळात दाखल झालेल्यांपैकी निम्मे लस घेतलेले' अशी बातमी २०२१ मध्ये सारखी येत होती. आकडा खरा असायचा. मग चूक कुठे?

छेदस्थानी

आकडा खराच, पण तो उत्तर देतो एका प्रश्नाचं आणि वाचक ऐकतो दुसऱ्याचं. कागदावर मांडून बघा. एक लाख लोक, ९० टक्क्यांनी लस घेतली. लस न घेतलेल्या १०,००० मध्ये शंभरात एक दाखल होतो: १०० रुग्ण. लस दाखल होण्याचा धोका दहा पटींनी कमी करते असं धरा, म्हणजे ९०,००० मध्ये हजारात एक: ९० रुग्ण. एकूण १९०, त्यातले लसवंत ४७ टक्के. आता लसीकरण ९५ टक्क्यांवर न्या. न घेतलेले ५,०००, त्यांतले ५०. घेतलेले ९५,०००, त्यांतले ९५. लसवंतांचा वाटा ६५.५ टक्क्यांवर गेला आणि एकूण दाखल १९० वरून १४५ वर आले. लस तीच, गुण तोच.

खऱ्या जगात यात वयही मिसळतं. १५ ऑगस्ट २०२१ ला इस्रायलमध्ये ५१५ गंभीर रुग्ण होते, त्यातले ३०१ दोन्ही डोस घेतलेले. सगळे एकत्र धरून गंभीर आजाराविरुद्धची परिणामकारकता निघते ६७.५ टक्के. वय पाडलं तर पन्नाशीच्या आतल्यांत ९१.८ आणि वरच्यांत ८५.२. दोन्ही गटांत जास्त, एकत्र केल्यावर कमी! कारण लस घेतलेल्यांत वयस्कर जास्त आणि त्यांना मुळात धोका जास्त. अशी बातमी आली की डेस्कने एकच मागणी करावी: घेतलेल्यांत लाखामागे किती आणि न घेतलेल्यांत लाखामागे किती, वयोगटानुसार. हे मिळत नसेल तर ती बातमी चौकटीतही जाऊ नये.

रात्रपाळी

टक्क्यांवरून आठवलं, दोन गोष्टी रोज चुकतात. पॉझिटिव्हिटी, म्हणजे चाचण्यांपैकी पॉझिटिव्ह आलेल्यांचं प्रमाण, ४ वरून ६ टक्के झाली, तर वाढ 'दोन टक्के' नाही. २ टक्के बिंदू म्हणा किंवा ५० टक्के म्हणा. सगळ्यात बरं म्हणजे '४ वरून ६ टक्के' असंच लिहा. आणि पॉझिटिव्हिटी खाली आली तर चाचण्या कुणाच्या झाल्या ते विचारा. प्रवाशांची सरसकट तपासणी सुरू केली तर साथ न हलता दर पडतो.

दुसरं, लहान आकड्यांची टक्केवारी. तालुक्यात २ चे ६ झाले की '२०० टक्के वाढ'. हे सरळ कापावं.

जैवसांख्यिक

त्याला एक कामचलाऊ फूटपट्टी आहे. कुठल्याही मोजणीचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. तेवढी हलचल निव्वळ योगायोगाने होऊ शकते. ९ असतील तर अधिक-उणे ६, म्हणजे पुढच्या आठवड्यात १४ झाले तर त्यात बातमी नाही. १०० असतील तर अधिक-उणे २०. साथीचे रुग्ण घोळक्याने येतात, एका लग्नातून किंवा एका वसतिगृहातून, त्यामुळे खरी हलचल याहूनही मोठी असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्रात २० पेक्षा कमी मृत्यूंवर काढलेला दर अविश्वसनीय धरतात. तोच नियम डेस्कने उचलावा: २० च्या खाली टक्केवारी नाही.

अँटिजेन किट्सच्या बातम्यांतही छेद बघा. 'चाचणी ९८ टक्के अचूक' याचा अर्थ पॉझिटिव्ह आलेला ९८ टक्के बाधित, असा नाही. १०,००० लोकांत १०० बाधित, चाचणी त्यातले ९० पकडते. उरलेल्या ९,९०० पैकी २ टक्के चुकून पॉझिटिव्ह, म्हणजे १९८. एकूण पॉझिटिव्ह २८८, त्यातले खरे ९०. तिनात एकही नाही.

आलेखवाला

मॉडेलच्या, म्हणजे साथ पुढे किती वाढेल याच्या गणिती अंदाजांच्या बातम्या राहिल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने लायबेरिया आणि सिएरा लिओनसाठी इबोलाचा अंदाज मांडला. जानेवारीच्या २० तारखेपर्यंत साडेपाच लाख रुग्ण, आणि न नोंदलेले धरण्यासाठी २.५ ने गुणलं तर १४ लाख. अट स्पष्ट होती: जादा उपाययोजना झाल्या नाहीत आणि लोकांच्या वागण्यात फरक पडला नाही तर. मथळ्यांत १४ लाख राहिले, अट गळाली. पश्चिम आफ्रिकेची ती सबंध साथ सुमारे २८,६०० नोंदलेल्या रुग्णांवर थांबली. नंतर 'तज्ज्ञ तोंडघशी' अशाही बातम्या आल्या, त्याही तितक्याच चुकीच्या, कारण तो अंदाज मदत पाठवावी म्हणूनच मांडला होता आणि मदत गेली.

मॉडेलचा आकडा छापताना 'जर' मथळ्यातच हवा, आणि वरची-खालची मर्यादा हवी. मधला आकडा एकटा कधीच नाही.

अवांतर: एजन्सीच्या कॉपीतले मिलियन भाषांतरात घसरतात. १.४ मिलियन म्हणजे १४ लाख, १.४ लाखही नाही, १.४ कोटीही नाही. 'दर मिलियन' म्हणजे दर दहा लाख. हे डेस्कच्या भिंतीवर चिकटवा.

निमशहाणा

मग शेवटी भरवसा कशावर ठेवायचा? अतिरिक्त मृत्यूंवर?

छेदस्थानी

मागे वळून पाहायला तोच सगळ्यात दणकट आकडा. एरवी इतक्या काळात किती मृत्यू झाले असते आणि प्रत्यक्षात किती झाले, यातला फरक. त्याला ना चाचणी लागते ना दाखल्यावरचं कारण. २०२० आणि २०२१ मिळून जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज १ कोटी ४९ लाख होता, मर्यादा १ कोटी ३३ लाख ते १ कोटी ६६ लाख. देशांनी कळवलेले कोविड मृत्यू त्याच काळात सुमारे ५४ लाख. २००९ च्या स्वाइन फ्लूतही प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलेले मृत्यू सुमारे १८,५०० आणि पहिल्या वर्षाचा नंतरचा अंदाज दीड लाखापासून पावणेसहा लाखांपर्यंत.

पण 'एरवी किती' हे कोणत्या वर्षांवरून काढलं ते विचारा. मागच्या पाच वर्षांची साधी सरासरी घेतली आणि लोकसंख्या वाढती किंवा म्हातारी होत असेल तर अतिरिक्त आकडा उगीच फुगतो. शिवाय तो फरक साथीने थेट मेलेल्यांचा नाही. उपचार न मिळाल्याने गेलेले त्यात आहेत आणि अपघात घटल्याने वाचलेले वजा झालेले आहेत. जिथे मृत्यूनोंदणीच अपुरी तिथे तो मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो. रोजच्या बातमीला त्याचा उपयोग नाही, कारण तो महिन्यांनी येतो.

रात्रपाळी

टिकरच्या (टीव्हीच्या पडद्याखाली सरकणारी ओळ) एका ओळीत हे सगळं कसं बसवायचं, असा व्यनि (खासगी निरोप) आला होता, इथेच उत्तर देतो. एका ओळीत व्याख्या, बॅकलॉग, सरासरी सगळं मावत नाही हे खरं. मग विशेषणं कापा, खुलासा ठेवा. 'आज विक्रमी ९८० रुग्ण' ऐवजी: 'आज ९८० नोंदी, पैकी ३१० मागच्या आठवड्यातील, सात दिवसांची सरासरी ६४०'. बॅकलॉग नसेल त्या दिवशी मधला तुकडा गाळा. सरासरी काढताना ते ३१० त्यांच्या तारखांना टाकायचे, आजच्या ९८० मधून वजा करायचे. शीटमध्ये त्यासाठी एक जादा रकाना करून ठेवलात की रात्री साडेअकराला गोंधळ होत नाही.